अर्जदारातर्फे

बाबांचं लोखंडी कपाट उघडलं की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि त्याच्या मागून कार्बन पेपरचा. तेलकट, जरासा रॉकेलसारखा. माझ्या मुलीने तो निळा कागद हातात धरून उलटसुलट पाहिला आणि विचारलं, हे कशासाठी असतं. तिची बोटं निळी झाली. माझी बोटं शाळेची सगळी वर्षं अशीच असायची आणि बाई त्यावरून सगळ्या वर्गासमोर बोलायच्या.

बाबा जाऊन चार महिने झाले. आईला मी माझ्याकडे नेलं, आणि नागपुरातलं सक्करदऱ्याचं घर रिकामं करायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. भाऊ बंगलोरला, आणि मी धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात जुने केसपेपर सांभाळते, तेव्हा कागद उपसायला हीच बरी, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. तीन रविवार मी फायली काढत बसले. वस्तीच्या नळासाठी केलेले अर्ज, विधवा बायांच्या पेन्शनचे, जातीच्या दाखल्याचे, रस्त्यावरच्या दिव्याचे. बाबा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते, पण त्यांची खरी नोकरी ही होती. प्रत्येक अर्जाची कार्बन कॉपी आणि तिला टाचणीने लावलेली पोस्टाची पोचपावती. चौथ्या रविवारी इलियासचा कागद निघाला. तो कधीतरी निघणार हे मला माहीत होतं, आणि निघू नये असंही वाटत होतं.

अर्ज इंग्रजीत आहे, बाबांच्या सरकारी इंग्रजीत. मराठीत सांगायचं तर विषय असा : वडिलोपार्जित गावी परत जाऊन राहण्यासाठी एक खोली बांधण्याची परवानगी मिळणेबाबत. खाली सही बाबांची, आणि सहीच्या वर लिहिलंय, ‘अर्जदारातर्फे’. मध्ये एका ठिकाणी पासपोर्टचा नंबर आहे. तो माझ्या अक्षरात आहे.

या कागदापायी आमच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या मुलाची पदवी गेली. नंबर मी लिहिला होता हे त्याला आजतागायत माहीत नाही.

पंचवीसेक वर्षं झाली. मी अकरावीत होते. इलियास फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला होता तेव्हा आमच्या गच्चीवरच्या खोलीत राहायला आला. उंच, केस कुरळे, आवाज घोगरा. पासपोर्ट इस्राएलचा, भाषा अरबी, गळ्यात क्रॉस. आमच्या गल्लीला हे काही केल्या उमजेना. समोरच्या काकू आईला फाटकाशी गाठून विचारायच्या, “अरब हाय, आन् येशूले मानते? आन् देश ज्यू लोकाईचा? मंग हा पोरगा हाय तरी कोन वं?” आईने हे जेवताना त्याला सांगितलं तेव्हा तो घास हातात धरून हसत सुटला. म्हणाला, आमचं सरकारही आम्हाला हेच विचारतं.

तो पॅलेस्टिनी होता. देश नवा झाला तेव्हा त्याच्या लोकांपैकी बहुतेक पळाले किंवा पळवले गेले; जे मागे राहिले त्यांना नागरिक करून घेतलं. इलियासचे आजोबा मागे राहिले. त्यामुळे त्यांच्या घरात सगळ्यांना मत देता येत होतं, पासपोर्ट मिळत होता, कर भरायला बोलावणं येत होतं. फक्त गाव नव्हतं. लष्कराने थोड्या दिवसांसाठी म्हणून गाव खाली करायला लावलं आणि मग पाडलं. चर्च आणि स्मशान तेवढं ठेवलं. तिथून चालत तासाभराच्या अंतरावर दुसऱ्याच गावात ही माणसं भाड्याने राहत होती. बाप्तिस्म्याला आणि माती द्यायला गावात जायची परवानगी होती. मधलं सगळं आयुष्य बाहेर काढायचं.

आम्हाला हे एकदम कळलं नाही. तुकड्या-तुकड्यांनी कळलं, बहुतेक जेवताना.

आई श्रीखंडासाठी दही टांगायची. स्वयंपाकघराच्या खिडकीत पांढरं फडकं, खाली गंज, म्हणजे पितळी पातेलं, त्यात थेंब-थेंब पडणारं पाणी. एक दिवस इलियासने त्यातला मूठभर चक्का मागून घेतला, त्यात मीठ कालवलं, लिंबाएवढे गोळे वळले आणि बरणीत तेलात बुडवून ठेवले. “चक्क्याले मीठ?” आई कपाळावर हात मारून म्हणाली. “अरे लेका, साखर हाय ना घरात!” आठ दिवसांनी तोच गोळा पोळीवर पसरून तिने चाखला आणि लगेच दुसरा घेतला. त्यानंतर आमच्या खिडकीत दोन फडकी टांगलेली असायची, एक आमचं आणि एक त्याचं.

त्याच्या आईने पाठवलेला कॉफीचा एक डबा होता. त्यात वाळवलेला पाला, तीळ आणि काहीतरी आंबट भुकटी. झाकण काढलं की ओव्यासारखा वास, पण जास्त रानटी. झातर म्हणायचा तो त्याला. मे महिन्यात कूलरच्या ओल्या खसचा वास आणि त्यात हा झातरचा वास, असं दुपारचं घर अजून मला कधीकधी स्वप्नात येतं. फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलात पोळी बुडवायची, मग झातरमध्ये. तो सांगायचा, हा पाला आमच्या डोंगरावर गुडघाभर उगवतो, पण आम्ही तोडला तर गुन्हा. संरक्षित वनस्पती आहे म्हणे. त्याची आई झग्याखाली पिशवी लपवून आणते.

बाबा पोळी खाली ठेवून म्हणाले, “कोणत्या कलमाखाली?”

“काकाजी, कलम मले काय माहीत? पोलीस माहीत हाय.”

“कलम माहीत पाहिजे,” बाबा म्हणाले. “कलम माहीत असलं का पोलीस अर्धा होते.”

हे बाबांचं नेहमीचं होतं. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा बाबा सात वर्षांचे होते, आजोबांच्या खांद्यावर. गर्दीतलं त्यांना काही आठवत नसे, पण आपण माणूस आहोत हे कागदावर लिहिलेलं आहे आणि ज्याने लिहिलं तो आपला आहे, एवढं त्यांच्या रक्तात उतरलं होतं. कागदावर त्यांचा विश्वास होता. तो आंधळा नव्हता. नळ त्यांच्या अर्जानेच आला होता. तिसऱ्या गल्लीतल्या बाईला पेन्शन सुरू झाली ती त्यांच्या सातव्या स्मरणपत्रानंतर.

दसऱ्याच्या दिवसांत खेड्याखेड्यातून माणसं दीक्षाभूमीला यायची. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, पायांवर धूळ, डोक्यावर गाठोडी. आमच्या अंगणात दरवर्षी वीस-पंचवीस जण उतरायचे. चुलीचा धूर, भिजलेल्या चटया, पिठल्याचा वास, पहाटेपासून नळाशी बायांचा गलका. बाबा रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली टेबल टाकून बसायचे आणि येईल त्याचा अर्ज फुकट लिहून द्यायचे. मी कार्बन लावून द्यायची. दुसऱ्या वर्षी इलियास आमच्याबरोबर आला आणि दिवसभर तिथेच बसून राहिला.

“एवढे लोक येतात,” तो म्हणाला, “आन् कोणी अडवत नाई?”

त्यांच्या गावालाही वर्षातून एकदा सगळे जमायचे. तेही देशाच्या स्वातंत्र्यदिनी, कारण त्या दिवशी बाकीचा देश मांस भाजण्यात दंग असतो. पडक्या भिंतींमधून हिंडायचं, इथे आमची चूल होती, इथे अंजीर होतं, असं पोरांना दाखवायचं आणि अंधार पडायच्या आत निघायचं. दूर पोलिसांच्या गाड्या उभ्या असायच्या.

मी त्या दिवशी बाबांची कामाची पद्धत त्याच्या नजरेने पाहिली आणि तेव्हा ती मला फार आवडली. टेबलाशी येणारा प्रत्येक माणूस आधी मागे सरायचा. “राहू द्या साहेब, मागं लागतील.” “कायले उगाच नाव पुढे करायचं?” बाबा त्याला बसवायचे, पाणी द्यायचे, आणि तो नाही-नाही म्हणत असतानाच लिहायला घ्यायचे. म्हणायचे, हे तो बोलत नाही, त्याचं भेव बोलतंय. तासाभराने तोच माणूस अंगठा देऊन, छाती काढून निघून जायचा. तोवर वीसेक वर्षं बाबांनी असंच काम केलं होतं आणि त्यात ते एकदाही तोंडावर पडले नव्हते.

संध्याकाळी टेबल आवरताना बाबा इलियासला म्हणाले, “तुह्या गावाचाही एक अर्ज लिहू का गा?”

इलियास हसला नाही. म्हणाला, “राहू द्या काकाजी. आमच्याकडं अर्ज म्हंजे आपणच पोलिसाले घर दाखवणं.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. तिचा अर्थ असा, की बघ, हेही भेवच.

त्या हिवाळ्यात त्यांनी अर्ज लिहिला. पाच खर्डे झाले. वरच्या खोलीत पावलांचा आवाज असायचा आणि खाली बाबा हळू आवाजात वाक्यं वाचून दाखवायचे. इलियासचे वडील थकले होते, त्यांना चर्चशेजारी एक खोली बांधून शेवटचे दिवस गावात काढायचे होते, हे इलियासने आईला सांगितलेलं बाबांनी बरोबर उचललं. गावाच्या बाजूने तिथल्या कोर्टाने एकदा निकाल दिला होता आणि तो लागू झालाच नाही, हे कळल्यापासून तर बाबा नुसते पेटले होते. निकाल हातात असून माणसं गप्प बसतात म्हणजे काय! एक जागा रिकामी राहिली. “पासपोर्ट नंबराशिवाय हे कोणी वाचत नाई,” बाबा म्हणाले. भाडेकरूची माहिती पोलिसात दिली होती त्याची प्रत माझ्या टेबलाच्या खणात होती. मी ती काढली आणि नंबर लिहिला. मला त्याला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. उत्तर आलं की त्याच्या हातात ठेवायचं, मग त्याचा चेहरा बघायचा. सतरा वर्षांच्या मुलीला त्या चेहऱ्याचं काय अप्रूप असतं ते मी इथे सांगत बसत नाही. सिव्हिल लाइन्सच्या मोठ्या पोस्टात जाऊन मीच ते रजिस्टर केलं. दिल्लीतल्या इस्राएलच्या वकिलातीतून शिक्का बसलेली पोचपावती परत आली तेव्हा बाबा दिवसभर खुशीत होते.

डिसेंबरात वडिलांचं दुखणं वाढलं म्हणून इलियास घरी गेला. महिन्याभरात येतो म्हणाला. शेवटच्या वर्षाची परीक्षा एप्रिलमध्ये होती.

जानेवारी गेला. आई त्याच्या गादीला ऊन दाखवायची. फेब्रुवारीत वर्गमित्र विचारायला आले, प्रॅक्टिकल बुडून राहिले, तो कुठाय. एप्रिलमध्ये परीक्षा झाली. त्याच्या फडक्याची घडी घालून आईने ते खिडकीतून काढून ठेवलं. फोन लावला तर पलीकडे कुणीतरी अरबीत काहीतरी बोलायचं आणि ठेवून द्यायचं.

तो आला तो पुढच्या डिसेंबरात, दहा दिवसांच्या व्हिसावर. दुपार होती. आईने त्याला बघून रडायला सुरुवात केली आणि रडता-रडताच संत्री सोलून बशीत ठेवली. साऱ्या खोलीत सालांचा वास. त्याने बशीला हात लावला नाही. बाबांच्या समोरच्या खुर्चीवर बसला आणि त्या वर्षाचं सगळं एका दमात सांगितलं. विमानतळावरच त्याला बाजूला घेतलं होतं. एका खोलीत बसवून टेबलावर अर्ज ठेवला आणि विचारलं, हा नागपूरचा माणूस कोण, कुठल्या संघटनेचा, तू त्याला काय-काय सांगितलंस. पासपोर्ट अकरा महिने परत दिला नाही. त्याच्या आजारी वडिलांनाही दोनदा बोलावलं.

बाबा पुढे वाकून ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, “मंग उत्तर काय देल्लं त्याईनं?”

इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य आठवलं की आजही मला बाबांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटतो.

“मीच उत्तर हाय, काकाजी!” इलियासने टेबलावर हात आपटला. “पाहा ना माह्याकडं! मी हाय तुमचं उत्तर! मी मना केलं होतं का नव्हतं?”

“भेवानं मना केलं होतं तू.”

“मंग? भेव माहं हाय. तुमचं नाई. काहून हात लावला त्याले?”

“तर काय गप बसायचं?” बाबांचाही आवाज चढला. “गप बसून कोणाले काय भेटलं आजवर? आम्ही गप बसलो असतो तं अजून गावाबाहेर राह्यलो असतो!”

“तुमचा कायदा तुमच्या माणसानं लिवला,” इलियास म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. “आमचा कायदा लिवला तवा आमचं त्या खोलीत कोणीच नव्हतं. तुम्ही अर्ज देता तं सरकार विषय वाचते. आम्ही देतो तं नाव वाचते.”

मग तो म्हणाला, “माह्या बापाले गाव भेटलं. मेल्यावर. त्याले अर्ज लागत नाई.”

मी स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा पेला घेऊन उभी होते. इलियासने सरळ बाबांकडे बघत विचारलं, “पासपोर्टचा नंबर कोणी देल्ला?”

“म्या,” बाबा म्हणाले.

ते माझ्याकडे वळले नाहीत. आणि मी पेला धरून तशीच उभी राहिले. एक शब्द बोलायचा होता. मी तो बोलले नाही. त्याचा सगळा राग बाबांवर जाऊ दिला, कारण मला त्याच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. इतका क्षुद्र हिशेब होता तो.

त्याने वर जाऊन पुस्तकं दोरीने बांधली. कॉलेजात हजेरी भरत नव्हती आणि दहा दिवसांच्या व्हिसावर परीक्षेला बसता येत नव्हतं. शेवटची एक परीक्षा राहून पदवी संपली. जिना उतरताना तो माझ्याजवळ थांबला. म्हणाला, “तुहा बाप चांगला माणूस हाय. म्हणून जास्त राग येते.” मग रिक्षा आली.

मला त्या देशाचा राग आहे. नागरिक म्हणायचं आणि त्याच्या नावाने आलेल्या साध्या कागदाला बॉम्बसारखं हाताळायचं, याचा राग आहे. बाबांचा राग आहे. आपल्याला लागू पडलेलं औषध सगळ्या जगाला चालेल अशा त्यांच्या खात्रीचा. घरात त्यानंतर इलियासचं नाव निघालं नाही, आणि बाबा दसऱ्याला टेबल टाकतच राहिले, याचाही मला राग यायचा. त्यांनी हे मनाला लावून घेतलंच नाही, असं मी धरून चालले होते.

पण त्या चौथ्या रविवारी फाइलीत कार्बन कॉपीच्या मागे आणखी कागद निघाले. स्मरणपत्र क्रमांक एक. क्रमांक दोन. सोळापर्यंत. सगळी त्याच विषयाची, सगळी बाबांच्या हातची, शेवटच्या एक-दोनांत अक्षर थरथरलेलं. कार्बन कॉप्या नव्हेत, मूळ कागद. एकालाही पोचपावती नाही. लिहायचे, सही करायचे आणि फाइलीत ठेवून द्यायचे. मी तिथेच फरशीवर बसून मोठ्याने रडले आणि मुलगी घाबरून अंगणात बसलेल्या आजीला बोलवायला धावली.

आमच्या हॉस्पिटलच्या औषध दुकानात प्रमोद नावाचा एक जण आहे, तो इलियासच्याच वर्गातला. सोमवारी त्याला विचारलं. इलियास दुसऱ्याच्या औषध दुकानात काउंटरवर असतो, म्हणाला. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होता, कधी काही लिहायचा नाही. तिकडे युद्ध सुरू झालं तेव्हा कुणीतरी त्याला तिथे सगळ्यांसमोर विचारलं, तू नक्की कुणाच्या बाजूचा? तो त्याच दिवशी ग्रुपमधून बाहेर पडला. “तिकडं आता एका ओळीपायी लोकाईले उचलतात म्हणे,” प्रमोद म्हणाला. इलियासचा फोन नंबर देताना तो जरा घुटमळला.

जेवणाच्या सुटीत मी रेकॉर्डच्या खोलीत बसून लिहिलं. सगळं लिहिलं. खण, प्रत, नंबर, पोस्ट, दारातला पेला. बाबांनी माझं नाव घेतलं नाही हे लिहिलं. त्यांची सोळा स्मरणपत्रं लिहिली. तीन वेळा स्क्रीन भरेल एवढा मजकूर झाला आणि मला इतकं हलकं वाटायला लागलं की अंगठा पाठवायच्या बाणावर गेलासुद्धा. मग मनात आलं, हे त्याच्या फोनमध्ये जाऊन पडणार. त्याचं गाव, त्याचा अर्ज, परदेशातून आलेलं. मोकळी मी होणार, आणि उद्या कुणी फोन मागितला तर उत्तर तो देणार.

सगळं पुसलं. रोमन अक्षरांत दोन ओळी पाठवल्या. मी सक्करदऱ्याची, बाबा गेले. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, लिहू का?

दोन दिवस काही आलं नाही. बुधवारी आलं. त्याला आमची बोली अजून येत होती.

“काकाजीचं ऐकून वाईट वाटलं. लिहू नोको.”

मी तो निरोप पुन्हा-पुन्हा वाचला. माफी मागायला निघालेल्या माणसाला जी चीड येते ती मला आली, खोटं कशाला बोलू. पंचवीस वर्षं सांभाळलेलं ओझं कुणी उतरवूनही घेईना. पण त्याला आधी विचारलं होतं, आणि त्याने नाही म्हटलं होतं. आमच्या घराकडून त्याला हे पहिल्यांदाच मिळत होतं.

मी फक्त “बरं” लिहिलं आणि पाठवलं.